उपवासकाळात शांतीसाठी प्रार्थना आणि दयेची कृत्ये यांची सांगड कशी घालावी?

प्रश्न : वडगाव शेरीतील एक सभासद

जय ख्रिस्त. यंदा (2026) राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला येत आहे. त्यापूर्वी आमच्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांच्या समूहाला एक निर्णय घ्यायचा आहे, म्हणून जाणकारांपुढे हा प्रश्न मांडत आहे. आमच्यापैकी बहुतेकांची गावे नगर जिल्ह्यातली. नोकरीनिमित्त आईवडील पुण्यात आले आणि आम्ही इथलेच झालो. उपवासकाळात दर शुक्रवारी एकेका घरी जमून आम्ही क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरची प्रार्थना) करतो, त्यानंतर जपमाळ होते आणि ज्यांचे घर असेल ते सर्वांना चहा देतात. गेल्या काही वर्षांपासून प्रार्थनेच्या अखेरीस युक्रेन, गाझा, मणिपूर अशी नावे घेऊन शांतीसाठी विनंती करण्याचा प्रघात पडला आहे.

गेल्या बैठकीत युवक गटातील एका मुलीने विचारले की, दूरच्या देशांची नावे घेऊन आपण दोन मिनिटांत मोकळे होतो, त्याने आपल्यात काय बदलते? तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, कळकळ होती. त्यावर ज्येष्ठांचे म्हणणे पडले की, प्रार्थना हीच मोठी कृती आहे आणि तिचे फळ मोजण्याचा अधिकार आपला नाही. काही जणांनी वर्गणी काढून अन्नदान करावे असे सुचवले. चर्चा तिथेच थांबली, कारण एक गोष्ट सर्वांच्या मनात असूनही कोणी बोलले नाही : आमच्याच समूहातील दोन सख्खे भाऊ गावाकडच्या जमिनीच्या वादामुळे एकमेकांशी बोलत नाहीत आणि एकाच्या घरी क्रूसाची वाट असली की दुसऱ्याचे कुटुंब येत नाही.

माझा प्रश्न असा की, शांतीची प्रार्थना आणि दयेची कृत्ये या दोन वेगळ्या गोष्टी समजून दोन्ही थोड्या थोड्या कराव्यात, की त्यांना जोडणारा काही मार्ग मंडळीच्या (चर्चच्या) परंपरेतच आहे? आणि त्या दोन भावांच्या बाबतीत समूहाने काही करावे की गप्प राहावे?

उत्तर : नाना पेठेतील एक निवृत्त धर्मशिक्षक

तुमच्या समूहातील मुलीने विचारलेला प्रश्न संदेष्ट्यांनीच पूर्वी विचारलेला आहे, त्यामुळे ज्येष्ठांनी तो मनाला लावून घेऊ नये. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे यंदा 20 फेब्रुवारीला, मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनाविधीत) यशया संदेष्ट्याचा 58वा अध्याय वाचला जाईल. तिथे लोक परमेश्वराला विचारतात की, आम्ही उपास केला तरी तू पाहत का नाहीस; आणि उत्तर मिळते की, तुमच्या उपासाच्या दिवशीही तुमची भांडणे आणि मारामाऱ्या चालूच असतात, तुमच्या मजुरांवर तुमचा जुलूम चालूच असतो. त्यापुढे परमेश्वर आपल्याला आवडणारा उपास कोणता ते सांगतो : अन्यायाची बंधने सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, बेघराला घरात घेणे आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसाला तोंड न चुकवणे. हा शेवटचा भाग वाचताना मला तुमच्या त्या दोन भावांची आठवण झाली.

उपवासकाळातील रोजची वाचने जर कोणी क्रमाने वाचली, तर तुम्ही शोधता तो मार्ग त्यांतच आखलेला दिसेल. राखेच्या बुधवारचे शुभवर्तमान मत्तयच्या 6व्या अध्यायातले आहे आणि त्यात दान, प्रार्थना व उपास या तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, तिन्हींना अट एकच : लोकांना दाखवण्यासाठी करू नका. पहिल्या आठवड्याच्या सोमवारी, 23 फेब्रुवारीला, मत्तय 25 येतो, ज्यात न्यायाच्या दिवशी राजा भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याविषयी विचारतो. दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी सहा या उताऱ्यातूनच आली आहेत. मृतांना पुरणे हे सातवे कृत्य तोबितच्या ग्रंथातून आले. त्याच आठवड्यातील शुक्रवारी, 27 फेब्रुवारीला, वेदीवर अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करण्याची आज्ञा वाचली जाते. पुढच्या सोमवारी लूक 6 मधून पित्यासारखे दयाळू होण्याचा आदेश, 7 मार्चला उधळ्या पुत्राचा दाखला आणि 10 मार्चला त्या निर्दय चाकराचा दाखला, ज्याला स्वतःचे मोठे कर्ज माफ झाले पण सोबत्याचे किरकोळ कर्ज माफ करवेना.

हा क्रम मी धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेक वर्षे शिकवला आणि त्यातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समेटाची आज्ञा देताना येशू असे म्हणत नाही की, तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर. तो म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर. म्हणजे दुखावलेला माणूस चालत येईल याची वाट पाहत बसायचे नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने उठायचे. जमिनीच्या वादात दोघेही स्वतःला दुखावलेले समजतात, हे मला ठाऊक आहे. तरीही दोघांपुढे ही आज्ञा 27 तारखेच्या शुक्रवारी ठेवली जाणारच आहे, आणि ती कोणा शेजाऱ्याच्या तोंडून न येता शुभवर्तमानातून येईल. समूहाने त्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेआधी ते वाचन सावकाश करावे, नंतर थोडा वेळ शांत बसावे आणि त्यावर कोणीही प्रवचन करू नये, एवढेच मी सुचवेन.

उपासाविषयीही लिहितो, कारण प्रार्थना आणि दया यांना जोडणारा दुवा तोच आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख आलेला नाही. कॅथलिक मंडळीच्या नियमाप्रमाणे 18 ते 59 वयाच्या माणसांनी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपास करायचा असतो, म्हणजे एक वेळ पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडेसे. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षांपासून लागू होतो. पण ताटातून काढलेला घास कोणाच्या ताटात जातो, हा प्रश्न मंडळीने पहिल्यापासून विचारलेला आहे. उपासामुळे वाचलेले पैसे स्वतःच्याच डब्यात राहिले, तर तो उपास काटकसर ठरतो. माझ्या आईने यासाठी घरात देव्हाऱ्याशेजारी पत्र्याचा एक डबा ठेवला होता. शुक्रवारी मटण आणायचे नाही, तर मटणाचे पैसे त्यात टाकायचे, आणि पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) तो डबा न मोजता द्यायचा. कारितास इंडिया ही कॅथलिक मंडळीची मदतकार्य करणारी संस्था दरवर्षी उपवासकाळात मोहीम राबवते. तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तिची पाकिटे येत असतील तर त्यांचाही उपयोग करता येईल.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. आमचे क्वार्टर गेटचे सिटी चर्च ज्या जागेवर उभे आहे, ती जागा 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी दिलेली होती. लढाईवर जाणाऱ्या माणसांनी गुडघे टेकण्यासाठी मागितलेल्या जागी आज आम्ही शांतीसाठी प्रार्थना करतो, याचा मला दर उपवासकाळात आधार वाटतो. शांतीची किंमत त्या शिपायांच्या बायकामुलांना आपल्यापेक्षा अधिक कळत असणार.

उत्तर : पंचहौद परिसरातील एक वाचक

मी कॅथलिक नाही. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांची उपासना झाली. आमच्यात उपासाचे नियम इतके ठरलेले नसतात आणि पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत तर ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले असतात. वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, तथापि एका बाबतीत मला ज्येष्ठांची बाजू घ्यावीशी वाटते. दूरच्या देशासाठी केलेली प्रार्थना ही पळवाट असतेच असे नाही. ती पळवाट होते ती घाईमुळे.

पोप फ्रान्सिस यांचे उदाहरण पाहा. गाझा शहरातील पवित्र कुटुंबाच्या लहानशा कॅथलिक चर्चमध्ये युद्धाच्या काळात शेकडो माणसे आसऱ्याला होती आणि पोप तिथल्या धर्मगुरूंना जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. आजारपणातही त्यांनी हा नेम शक्य तितका पाळला आणि 21 एप्रिल 2025 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तो चालू राहिला. बोलणे फार लांबत नसे. आज काय जेवलात, मुले कशी आहेत, अशी चौकशी असे. जगभरच्या राजदूतांशी बोलणाऱ्या माणसाने आज काय जेवलात हे विचारावे, यात प्रार्थना कुठे संपली आणि दया कुठे सुरू झाली हे मला सांगता येणार नाही. पुढे 17 जुलै 2025 रोजी त्याच चर्चवर मारा झाला आणि तीन माणसे मेली. ही बातमी वाचली तेव्हा ते चर्च मला परके वाटले नाही, कारण त्याच्याविषयी वर्षभर वाचत आणि प्रार्थना करत आलो होतो.

म्हणून माझी सूचना अशी की, दर शुक्रवारी पाच देशांची नावे घेण्याऐवजी एकच जागा निवडावी, तिच्याविषयी त्या आठवड्यात कोणीतरी नीट वाचून यावे आणि तिथे कोण भुकेले आहे, कोण कैदेत आहे, कोणाची शाळा बंद आहे हे समूहाला सांगून मग प्रार्थना करावी. गुड फ्रायडेच्या कॅथलिक उपासनेत दहा गंभीर मध्यस्थीच्या प्रार्थना असतात, त्यांत यहुदी लोकांसाठी, ख्रिस्तावर विश्वास नसणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी आणि सत्ताधाऱ्यांसाठीही स्वतंत्र विनंती असते. प्रत्येक विनंतीनंतर स्तब्धता पाळली जाते. इतक्या विस्ताराने आणि इतक्या सावकाश दुसऱ्यांसाठी मागणे हीदेखील शिस्त आहे. मृतांसाठी व जिवंतांसाठी प्रार्थना करणे हे दयेच्या आध्यात्मिक कृत्यांतच मोजले जाते, हे युवक गटाच्याही कानावर घालावे.

दुसरे, जिभेचा उपास. पोप लिओ यांनी निवडून आल्यानंतर काही दिवसांतच, 12 मे 2025 रोजी, पत्रकारांशी बोलताना शब्दांना निःशस्त्र करण्याचे आवाहन केले होते. शब्द निःशस्त्र झाले तर जग निःशस्त्र व्हायला मदत होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरवणारा मजकूर येतो, तो आपण पुढे पाठवत नाही, पण कोणी पाठवला तर गप्प बसतो. या चाळीस दिवसांत असा मजकूर पाठवणाऱ्या नातेवाइकाला स्वतंत्रपणे फोन करून, रागावल्याशिवाय, हे थांबवा असे सांगणे हे मला मांसाहार सोडण्यापेक्षा कठीण वाटते. यंदा रमजानचा महिनाही उपवासकाळाच्या अगदी सोबतच सुरू होत आहे. इमारतीतल्या मुस्लीम शेजाऱ्यांचा रोजा आणि आपला उपास एकाच सुमारास चालणार असेल, तर एका संध्याकाळी त्यांच्या इफ्तारसाठी फळे घेऊन जाण्यास कोणत्या समितीचा ठराव लागतो?

अन्नदानाविषयी मात्र एक विनंती. ते करायचे असेल तर वाटपाचे फोटो काढू नयेत. घेणाऱ्याच्या हातात पाकीट आणि देणाऱ्याची नजर कॅमेऱ्याकडे, हे चित्र राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानाच्या थेट विरुद्ध आहे.

उत्तर : एक परिचारिका, पुणे स्टेशन परिसर

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. सरकारी रुग्णालयातील अनुभवावरून लिहिते. ससूनसारख्या रुग्णालयात बाहेरच्या जिल्ह्यांतून, खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात आणि प्रत्येक रुग्णासोबत एक तरी नातेवाईक असतो, जो दिवसचे दिवस बाकावर किंवा जिन्याखाली काढतो. उपवासकाळात चर्चचे गट येतात, रुग्णांना बिस्किटे व फळे देतात, प्रार्थना करतात आणि जातात. त्यांचे मन चांगले असते आणि रुग्णांनाही बरे वाटते. पण मधुमेहाच्या रुग्णाच्या उशाशी केळी आणि गोड बिस्किटे साठतात आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने सकाळपासून चहाही घेतलेला नसतो.

त्या बाईला काय हवे असते ते सांगते. तिला अर्धा तास हवा असतो. आंघोळ करायला, कपडे धुवायला, गावी फोन करून मुलाची परीक्षा कशी झाली हे विचारायला. आणि तेवढा वेळ तिच्या माणसापाशी कोणीतरी बसलेले हवे असते, जे सलाइन संपत आले तर आम्हाला हाक मारेल. एकदा साठीच्या पुढच्या दोन बहिणी, बहुधा कॅम्पातल्या, सकाळच्या मिस्सानंतर येऊ लागल्या. त्या आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारत, ज्यांच्यासोबत एकच नातेवाईक आहे असे रुग्ण कोणते; मग त्या नातेवाइकाला सांगत, तुम्ही जाऊन या, आम्ही आहोत. त्या पदराआड जपमाळ ओढत बसत. कोणाला धर्म विचारत नसत आणि स्वतःचा सांगतही नसत. प्रयोगशाळेतून रिपोर्ट आणणे, औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते समजावून सांगणे, मोबाइल चार्ज करून देणे, हेही त्या करत. मराठी नीट न वाचता येणाऱ्या माणसाला मोठ्या रुग्णालयात कोणती खिडकी कुठे आहे हे सांगणारा माणूस भेटला, तर त्याचा निम्मा ताप उतरतो.

तुमच्या समूहातील माणसांनी असे यायचे ठरवले तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटावे, त्यांच्या परवानगीने आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेतच यावे, एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत. उन्हाळा जवळ आला की रक्तपेढीत रक्ताचा तुटवडा जाणवतो, कारण महाविद्यालयांच्या परीक्षा आणि सुट्ट्या सुरू होतात. तेव्हा समूहातील तरुणांनी मार्चमध्ये रक्तदान केले तर त्याचा फार उपयोग होईल. उपास असलेल्या दिवशी मात्र रक्त देऊ नये, पोटभर खाऊन यावे.

दूरच्या युद्धाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारेल. मला एवढे ठाऊक आहे की, वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसासाठी ज्याने पाण्याची बाटली भरून आणली, त्याला बातम्यांतली रुग्णालये वेगळी दिसू लागतात.

उत्तर : कौटुंबिक वादांत समुपदेशन करणारी एक सभासद

दोन भावांविषयी वर जे लिहिले आहे, त्यात भर घालते, कारण हा विषय नाजूक आहे आणि चांगल्या हेतूने केलेली घाई त्यात नुकसान करते. क्षमा आणि न्याय यांना एकमेकांच्या विरोधात उभे करू नये. जमिनीच्या वाटणीत एकावर खरोखर अन्याय झालेला असेल, तर समूहाने त्याला सर्वांदेखत मिठी मारायला लावणे ही दया नव्हे. तो दुसरा अन्याय होईल. सातबारावर कोणाचे नाव आहे, बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतली आहे का, वाटणीपत्र नोंदवले आहे का, हे प्रश्न वकिलाकडे किंवा मध्यस्थाकडेच सुटायचे. जिल्हा न्यायालयात मध्यस्थी केंद्र असते, आणि वाद आपसांत मिटवण्याची दोघांची तयारी असेल तर तो मार्ग कोर्टाच्या तारखांपेक्षा पुष्कळ बरा. तसेच घरात मारहाण होत असेल तर त्या व्यक्तीला उपवासकाळाच्या नावाखाली क्षमेचा आग्रह कधीही धरू नये. आधी तिची सुरक्षितता पाहावी.

तरीही न्याय चालू असताना क्षमा शक्य असते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. मध्य प्रदेशात गरीब आदिवासींसाठी काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून ओढून हत्या झाली. मारेकरी समुंदर सिंह याला न्यायालयाने जन्मठेप दिली आणि तो तुरुंगात गेला. 2002 साली सिस्टरांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतः संन्यासिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे त्या कुटुंबाच्याच पाठिंब्याने त्याची मुदतीपूर्वी, 2006 साली, सुटका झाली. केरळमध्ये जाऊन तो त्यांच्या आईलाही भेटला. सिस्टर राणी मारिया यांना 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. खटला, शिक्षा आणि तुरुंग यांतले काहीही त्या राखीने रद्द केले नाही. हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली, याकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधते, कारण आपण चाळीस दिवसांत समेटाची अपेक्षा धरतो आणि तो झाला नाही की निराश होतो.

तुमच्या समूहाने मध्यस्थ होऊ नये. ज्याच्यावर दोन्ही घरांचा विश्वास आहे असा एखादा ज्येष्ठ, किंवा तुमचे प्रमुख धर्मगुरू, यांनी दोघांना वेगवेगळे भेटावे आणि प्रथम फक्त ऐकून घ्यावे. दोन्ही घरची मुले आपसांत बोलत असतील, तर तो धागा जपावा. आणि क्रूसाची वाट त्यांच्यापैकी कोणाच्याच घरी न ठेवता यंदा चर्चच्या आवारात किंवा तिसऱ्या घरी ठेवावी, म्हणजे कोणालाही गैरहजर राहण्याचे कारण उरणार नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी काल समूहाच्या बैठकीत वाचून दाखवली. जागेविषयीची सूचना लगेच मान्य झाली. शुक्रवारची क्रूसाची वाट आता चर्चच्या आवारात होईल. दर आठवड्याला एकाच जागेविषयी वाचून येण्याची जबाबदारी युवक गटाने घेतली आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने पहिल्या शुक्रवारसाठी मणिपूर निवडले. आमच्या प्रमुख धर्मगुरूंनी दोन्ही भावांकडे जाण्याचे कबूल केले आहे. केव्हा आणि काय बोलणार, हे आम्ही त्यांना विचारले नाही. अन्नदानाऐवजी घरोघरी डबा ठेवायचा, यावर मतभेद झाले. काहींना वाटते की रक्कम जाहीर केली तर इतरांना प्रेरणा मिळेल.

एक शंका राहिली. समूहातील दोन घरी नुकताच मृत्यू झाला आहे आणि एका घरी लहान बाळ आहे. त्यांना रुग्णालयात जाणे जमणार नाही. त्यांनी काय करावे?

उत्तर : नाना पेठेतील निवृत्त धर्मशिक्षक

रक्कम जाहीर करू नये. त्याबद्दल मत्तय 6 इतके स्पष्ट आहे की चर्चेला जागा नाही. ज्या घरी मृत्यू झाला आहे त्या घराने यंदा काही करायचे नसून इतरांनी त्यांच्याकडे जायचे आहे, कारण दुःखितांचे सांत्वन करणे हे दयेचेच कृत्य आहे. पहिल्या महिन्यात सगळे जातात. तुम्ही मार्चच्या अखेरीस जा, जेवणाचा डबा घेऊन जा आणि गेलेल्या माणसाविषयी त्यांना बोलू द्या. बाळाच्या आईने रात्री बाळ उठवेल तेव्हा त्या आठवड्यात निवडलेल्या जागेतील आयांसाठी प्रार्थना करावी. आणि तिच्या घरी पवित्र आठवड्यात धुणीभांडी करायला कोण जाणार, ते समूहाने आताच ठरवावे.